लढाईत पलटणीचा पंडित काय करतो? रामटेकच्या एका विद्यार्थ्याला उत्तर

प्रश्न विचारणारा मुलगा रामटेकच्या संस्कृत विद्यापीठात शास्त्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सैन्यात धर्मगुरूंची भरती निघते, तिला अर्ज करावा का, असं त्यानं विचारलं आहे. त्यापुढं तीन उपप्रश्न आहेत: खरंच लढाई पेटली तर पंडित बंदूक धरतो, की मागं तंबूत बसून आरत्या म्हणतो? दुसऱ्या धर्माच्या जवानांचं तो काय करतो? आणि सोवळं, शाकाहार वगैरे तिथं टिकतं का? शेवटची ओळ मात्र प्रश्न नाही. 'बाबा म्हणतात, घंटाच वाजवायची आहे तर इथं गडावर वाजव, त्यासाठी बर्फात कशाला मरायला जातोस?'

बेटा, तुला 'तू'च म्हणतो, वयानं नातवासारखा आहेस. मी धर्मगुरू म्हणून नायब सुभेदार या हुद्द्यावर भरती झालो आणि मानद कॅप्टन होऊन घरी आलो. आता नागपुरात मानकापूरकडच्या एका लेआउटमध्ये राहतो. अख्ख्या नोकरीत मला आडनावानं कुणी हाक मारली नाही. सीओ साहेबांपासून, म्हणजे पलटणीच्या प्रमुखापासून, धोब्यापर्यंत सगळ्यांना मी 'पंडितजी'च होतो. १९९९ साली कारगिलच्या लढाईत पलटण द्रासला होती, मीही होतो. खाली लिहितो ते एवढ्या शिदोरीवर. पलटण कुठली, सीओ कसा, डॉक्टर कसा, मोर्चा डोंगरात की वाळवंटात, यावर पंडिताचं काम खूप बदलतं. सियाचिनला राहून आलेला धर्मगुरू तुला वेगळंच सांगेल आणि तेही खरंच असेल.

तुझे उपप्रश्न नीट वाचले, पण तुला खरी टोचणी बाबांच्या वाक्याची आहे असं मला वाटतं. माणसं मरत असताना मंत्र म्हणणाऱ्याचा काही उपयोग असतो का, की तो तिथं शोभेला असतो? हाच प्रश्न मला माझ्या सासऱ्यांनी विचारला होता, लग्नाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. तेव्हा उत्तर नव्हतं.

आधी कागदावरचं सांगतो. भरतीच्या जाहिरातीत धर्मगुरूची कामं दिलेली असतात: जवानांना धर्मग्रंथ समजावणं, पलटणीच्या मंदिरातले विधी, अंत्यसंस्कार, दवाखान्यातल्या आजाऱ्यांना भेटणं, बरे होत असलेल्यांबरोबर प्रार्थना, शिक्षा भोगत असलेल्या जवानांना भेटणं, मुलांना धर्मशिक्षण, आणि जवान व त्यांच्या घरच्यांची काळजी. 'शिक्षा भोगत असलेले जवान' हे शब्द बहुतेक जण वाचून पुढं जातात. माझी पहिली दोन वर्षं मात्र त्यातच सर्वात जास्त शिकण्यात गेली. क्वार्टर गार्डमध्ये, म्हणजे पलटणीच्या कोठडीत, बंद असलेला जवान कुणाशी बोलत नाही, पंडिताशीही बोलत नाही. तिथं जाऊन अर्धा तास गप्प बसायचं आणि परत यायचं. चौथ्या-पाचव्या खेपेला तो घरचं काहीतरी सांगतो. गप्प बसणं हे शिकण्याचं काम आहे, आणि आपल्यासारख्या पाठांतर केलेल्या माणसाला ते फार जड जातं.

बंदुकीचं. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारात सैन्यासोबतच्या धर्मगुरूंना डॉक्टरांच्याच पंक्तीला बसवलं आहे. कलम २४ म्हणतं की त्यांचा सर्व परिस्थितीत मान राखावा आणि त्यांना संरक्षण द्यावं. कलम २८ प्रमाणे ते शत्रूच्या हाती सापडले तरी युद्धकैदी ठरत नाहीत. कैद्यांची धार्मिक गरज असेल तेवढ्यापुरतंच त्यांना ठेवून घेता येतं. हे संरक्षण फुकटचं नाही. लढायला उतरलास तर ते गेलं. माझ्या हातात द्रासला रायफल नव्हती आणि मला ती हवीशीही वाटली नाही. पण डोंगरापलीकडून येणारा तोफगोळा करार वाचून येत नाही, त्यामुळं 'मागं सुरक्षित' हा शब्द डोक्यातून काढून टाक. त्या उन्हाळ्यात श्रीनगर-लेह रस्त्यावर गोळे पडत होते. ट्रकचा ड्रायव्हर, स्वयंपाक करणारा लांगरी, न्हावी, पोस्टाचा बाबू आणि पंडित, सगळे एकाच रस्त्यानं जात होते.

आता लढाईच्या आधीचं. हे लांबवून सांगणार आहे, कारण लढाईतलं काम तिथंच ठरतं. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे, ते तू बाहेरून पाहिलं असशील. ही रेजिमेंट १९४९ मध्ये उभी राहिली ती सगळ्या प्रांतांच्या, सगळ्या जातीधर्मांच्या जवानांना एकत्र घेऊन. अशा मिश्र पलटणींत मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि चर्च एका छताखाली आणणारं सर्वधर्म स्थळ असतं. डोग्रा किंवा शीख पलटणीत चित्र निराळं; तिथं बहुतेक जवान एका परंपरेतले, आणि अधिकारी स्वतः कुठल्याही धर्माचा असला तरी जवानांच्याच मंदिरात किंवा गुरुद्वाऱ्यात माथा टेकतो. माझी पलटण मिश्र होती. रविवारी मंदिर परेड व्हायची. हो, तिला परेडच म्हणतात, आणि हजेरीही लागते. नव्या पंडिताला वाटतं की आपल्या प्रवचनाला दोनशे माणसं जमली. ती हुकुमानं जमलेली असतात रे.

आमच्या सुभेदार मेजर साहेबांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, 'पंडितजी, मंदिर में आपको सब मिलेंगे, पर मिलेगा कोई नहीं. लंगर की लाइन में खड़े रहा करो.' ते ऐकून मी ताट घेऊन रांगेत उभा राहायला लागलो. तिथं कळायचं की कुणाची बहीण नांदायला गेली नाही, कुणाचं शेत भावानं दाबलं, कुणाला मुलगी झाली म्हणून घरी तोंडं पडली. मी एक वही ठेवली होती: नाव, गाव, आईचं नाव, कुलदैवत. आईचं नाव मी का लिहायचो ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. द्रासला कळलं. ग्लानीत गेलेला माणूस स्वतःच्या नावाला ओ देत नाही, पण त्याच्या आईचं नाव घेऊन विचारलं तर डोळे उघडतो. दोनदा पाहिलं आहे.

पहिली चूक माझी कुठली झाली, तीही सांगतो. जूनच्या मधल्या दिवसांत एक कंपनी रात्री वर चढणार होती. निघण्याआधी दहा मिनिटं सीओ साहेबांनी मला दिली. मी तयारी करून गेलो होतो. गीतेचा दुसरा अध्याय, रणात पडलास तर स्वर्ग, जिंकलास तर पृथ्वी, आवाज चढवून, हात उंचावून. पोरांनी जयकारा दिला. मला वाटलं, झालं आपलं काम. रांग हलायला लागली तेव्हा एक जुना हवालदार, गढवालचा, माझ्याजवळ थांबला. बुटाची नाडी बांधता बांधता खाली मान घालूनच म्हणाला, 'पंडितजी, स्वर्ग का तो ठीक है. मेरी चिट्ठी डली कि नहीं, ये बता दो.' त्यानं दोन दिवसांपूर्वी माझ्याकडं दिलेलं अंतर्देशीय माझ्या झोळीतच होतं. पोस्टाचा जवान आला नव्हता, आणि मी विसरलो होतो.

त्या रात्री मी चार किलोमीटर मागं चालत गेलो आणि ते पत्र, आणखी अकरा पत्रांसोबत, टाकून आलो. हवालदार परत आला, काळजी करू नकोस. पण तेव्हापासून चढाईआधी मी प्रवचन दिलं नाही. फक्त रांगेत प्रत्येकाच्या कपाळाला टिळा लावायचो, नावानं हाक मारायचो, आणि विचारायचो, 'चिट्ठी?' टिळ्याचा हळद-कुंकवाचा डबा आणि चिठ्ठ्यांची पिशवी, माझी आयुधं एवढीच. मुसलमान आणि ख्रिस्ती पोरांना टिळा नाही, हातात हात. त्यातलाही एखादा कपाळ पुढं करायचा. मी लावायचो. शास्त्रार्थ करायला वेळ कुणाला होता?

चढाई सुरू झाल्यावर पंडितानं कुठं असावं? मंदिराच्या तंबूत नक्कीच नाही. पलटणीच्या डॉक्टरची पहिली चौकी असते, तिला आरएपी म्हणतात, रेजिमेंटल एड पोस्ट. जखमी माणूस वरून आधी तिथं येतो. आमची आरएपी म्हणजे एका मोठ्या शिळेच्या आडोशाला ताणलेली ताडपत्री आणि दगडांवर टेकवलेले दोन स्ट्रेचर. रात्री उजेड करायची सोय नाही. टॉर्चच्या काचेला लाल कागद बांधून डॉक्टर टाके घालायचे. नर्सिंग असिस्टंट दोनच. तिसरे हात माझे. सलाईनची बाटली धरणं, ती गोठू नये म्हणून कोटाच्या आत पोटाशी धरणं, कार्डावर नाव आणि इंजेक्शनची वेळ लिहिणं, कापलेले बूट बाजूला करणं. हे कुठल्याही जाहिरातीत नाही. डॉक्टर साहेब पंचविशी उलटलेलं पोरगंच होतं, आणि पहाटे तीनला सगळं शांत झालं की तेही शिळेला टेकून थरथरायचे. त्यांच्याजवळ कोण बसणार, सांग बरं?

तिथली एक गोष्ट. पोटात छर्रा लागलेला जवान आला, बिहारचा, विशीतला. तोंड कोरडं पडलेलं. एकच शब्द: 'पानी.' माझ्या झोळीत गंगाजलाची बाटली होती. लहानपणापासून शिकलोय की जाणाऱ्याच्या मुखात गंगाजल घालावं, आणि पोरगं जाणार असंच मला वाटत होतं. मी झाकण उघडलं. डॉक्टर पाठमोरेच म्हणाले, 'पंडितजी, एक बूँद नहीं. पेट की चोट है.' पोटाला जखम असेल तर पाणी देत नाहीत. आतडं फाटलेलं असेल तर ते बाहेर पसरतं, आणि पुढं शस्त्रक्रियेत बेशुद्ध करतानाही धोका. हे मला माहीत होतं, शिकवलेलं होतं. पण पोरगं माझ्या बाहीला धरून मागत होतं. एका हातात शास्त्र, दुसऱ्या हातात वैद्यक, आणि मधे तो. मी कापूस ओला केला, पिळला, आणि ओठांवरून फिरवला. परत ओला केला, परत पिळला. तासभर तेवढंच करत होतो. मंत्र एकही म्हटला नाही. तोंडातून शब्दच फुटत नव्हता.

सकाळी हेलिकॉप्टर आलं. तो वाचला. आज त्याच्या गावी त्याचं किराणा दुकान आहे. दर दिवाळीला फोन येतो, आणि रामराम म्हणायच्या आधी त्याचं वाक्य ठरलेलं: 'पंडितजी, आपने पानी नहीं दिया था.' पंचवीस वर्षं झाली, तक्रार मागं घ्यायला तयार नाही.

म्हणून तुझ्या वयाच्या मुलांना माझं सांगणं असतं की वेदपठणाबरोबर प्रथमोपचार मनापासून शीक. विधी कुठं थांबवायचा हे कळण्यासाठी शरीर कळावं लागतं.

दुसऱ्या धर्माचं विचारलंस. भरतीनंतर धर्मगुरूंचं शिक्षण पुण्याला राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होतं. तिथं पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री एकाच वर्गात बसतात, एकाच मेसमध्ये जेवतात आणि एकमेकांच्या प्रार्थना शिकतात. सुरुवातीला मला हे सरकारी पोस्टरसारखं वाटलं होतं. पण हिशेब साधा आहे: प्रत्येक चौकीवर चार धर्मगुरू कधीच नसतात. जो हजर असेल त्यालाच करावं लागतं. आमचे मौलवी साहेब दुसऱ्या खोऱ्यात अडकले होते तेव्हा एका जवानाजवळ बसून कलमा मी म्हटला. उच्चार चुकला असेल, अल्ला समजून घेईल. आणि मी तापानं पडलो होतो तेव्हा आमच्या दोन जवानांच्या शवपेट्यांपुढं मौलवी साहेबांनी गीतेचा पंधरावा अध्याय वाचला. वही बघून वाचला, पण अडखळले नाहीत.

हे काही आजचं नाही. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी शिपायांना इंग्लंडात ब्रायटनच्या राजवाड्यात ठेवलं होतं. तिथं वेगवेगळ्या जातीधर्मांसाठी नऊ स्वयंपाकघरं होती आणि हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे. जे वाचले नाहीत त्यांतल्या ५३ हिंदू आणि शीख शिपायांचं दहन जवळच्या पॅचम गावच्या टेकडीवर झालं. तिथं आता संगमरवरी छत्री आहे, १९२१ ची. मुसलमान शिपायांना वोकिंगच्या मशिदीजवळ दफन केलं. परक्या मुलखात, परक्या राज्यासाठी मेलेल्या माणसाचा विधी त्याच्याच रीतीनं व्हावा, एवढं तरी इंग्रजांना सांभाळावंसं वाटलं. त्यात माया किती आणि पुढच्या भरतीची चिंता किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला विचारशील तर चिंता जास्त.

कारगिलला ही गोष्ट शत्रूपर्यंत गेली. पलीकडच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचे जे सैनिक आपल्या बाजूला पडले, त्यांतले बहुतेक मृतदेह पाकिस्ताननं ताब्यात घेतले नाहीत, कारण ते आपले सैनिक आहेत हेच त्यांना मान्य करायचं नव्हतं. आपल्या सैन्यानं त्यांचं दफन केलं, मौलवींच्या प्रार्थनेसह, त्यांच्या झेंड्यात गुंडाळून. पहिल्या जिनिव्हा कराराचं कलम १७ हेच सांगतं: मृताला शक्य असेल तर त्याच्याच धर्माच्या विधीनं मूठमाती द्यावी. आमच्या मौलवी साहेबांनी अशा एका दफनाला नमाज पढली. आदल्या आठवड्यात आमची पोरं गेली होती, त्यामुळं खड्डा खणणारे जवान धुमसत होते. एकानं फावडं आपटलं. मौलवी साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी फावडं उचललं आणि स्वतः खणायला लागले. साठीला टेकलेला नव्हता तो माणूस, पण त्या उंचीवर चार फावड्यांत धाप लागते. पाचव्या फावड्याला तोच जवान पुढं आला, हातातून फावडं घेतलं आणि म्हणाला, 'छोड़ो मौलवी साब, आप पढ़ो.'

आता आपल्या माणसांचं. हे लिहायला मला वेळ लागतो आहे. १९६२, ६५, ७१ मध्ये बहुतेक जवानांवर रणभूमीजवळच अंत्यसंस्कार होत. घरी यायची ती तार. १९९९ ला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पेट्या घरोघर गेल्या. अधिकृत आकडा ५२७ जणांचा आहे. पंडिताच्या कामाची जागाच त्यामुळं बदलली. आधी त्याचं काम चितेपाशी संपायचं. आता पेटी बंद होण्याआधीची प्रार्थना तो करतो आणि कधीकधी पेटीसोबत गावापर्यंतही जातो.

आमच्या पलटणीत आपल्याकडचा एक मुलगा होता, वर्धा जिल्ह्यातला. भाषा येते म्हणून एस्कॉर्टमध्ये मला पाठवलं. सोनेगाव विमानतळावर उतरलो, पुढं सैन्याची गाडी. जुलैचा पाऊस, काळी माती. गावाच्या अलीकडं एक किलोमीटरवर गाडी रुतली ती रुतलीच. गावकऱ्यांनी बैलबंडी आणली. तिरंग्यातली पेटी बंडीवर, आणि आम्ही बूट हातात घेऊन मागं. निघताना एका साहेबांनी मला समजावलं होतं की घरचे विचारतील शेवटचे शब्द काय होते. सांगा, 'भारत माता की जय' म्हणाला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी असे पाच-सहा घरचे फोन घेतले होते.

बापानं विचारलंच. दावणीजवळ उभे होते, अंगात बंडी, डोक्याला दुपट्टा. 'काई बोलला काय जी शेवटी?'

मी म्हणालो, 'मी तिथं नव्हतो जी. तो वर होता, मी खाली. पण आदल्या संध्याकाळी माझ्याकडं आला होता, तंबाखू मागायला. मी खात नाही हे त्याला माहीत होतं, तरी रोज यायचा. म्हणायचा, पंडितजी, आज तरी घेऊन ठेवला का?' बापाच्या तोंडावर हसू आलं, अगदी क्षणभर. 'खोडीचाच होता,' म्हणाले. मग कमरेची चंची सोडली, चिमूटभर तंबाखू काढला आणि पेटीवर, झेंड्याच्या कडेला ठेवला. सोबतच्या नायकानं माझ्याकडं पाहिलं, कारण झेंड्यावर काही ठेवायचं नसतं. मी मान हलवली, राहू दे. विधीची पोथी नंतर उघडली.

बेटा, इथं तुझ्या बाबांच्या वाक्याला माझ्याकडं उत्तर आहे असं मला वाटतं. त्या दावणीपाशी माझ्या कामी आलं ते लंगरच्या रांगेत उभं राहणं. तो मुलगा मला ठाऊक होता म्हणून मला खोटं बोलावं लागलं नाही. ठाऊक नसता तर मीही 'जय'च सांगितलं असतं, आणि त्या म्हाताऱ्यानं ओळखलं असतं.

आपलं स्वतःचं काय होतं, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. डॉक्टर सगळ्यांना तपासतात, पंडित सगळ्यांचं ऐकतो, पंडिताला कुणी विचारत नाही. सप्टेंबरात सुट्टी मिळाली, नागपूरच्या महाल भागात घरी आलो. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी मारबत, इडा पीडा घालवायला पुतळ्यांची मिरवणूक. लहानपणापासून मारबतीच्या मिरवणुकीत नाचलेला माणूस मी. त्या वर्षी ढोल आणि फटाके सुरू झाले आणि मी माजघरात धान्याच्या कोठीमागं जाऊन बसलो. रस्त्यावर पोरं ओरडत होती, 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत,' आणि मी कान दाबून बसलेलो. बायको आली, काही न बोलता शेजारी बसली. पुढं दोन-तीन वर्षं झोप नीट लागत नव्हती. मी कुणाला सांगितलं नाही ही माझी चूक. वाटलं, धर्मगुरूच असा बसला तर जवान काय म्हणतील. मग एका दवाखान्यातल्या डॉक्टरांनी 'पूजापाठ वाढवा' असा सल्ला दिला. पंडिताला! शेवटी आमच्या मौलवी साहेबांनी मला ओढून मनोविकारतज्ज्ञाकडं नेलं. तू गेलास आणि असं काही झालं तर पहिल्याच महिन्यात जा.

आता व्यवहाराचं, भराभर. पंडित पदासाठी संस्कृतातली शास्त्री किंवा आचार्य पदवी आणि कर्मकांड हा विषय किंवा त्याची एक वर्षाची पदविका लागते. तुझी शास्त्री होते आहे, कर्मकांडाचं तपासून घे. वय किमान २५ लागतं. वरची मर्यादा चालू जाहिरातीत बघ, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नको. उंची १६० सेंटीमीटर, वजन ५० किलो, छाती ७७ सेंटीमीटर. आणि १६०० मीटर ८ मिनिटांत धावावं लागतं. पंडितांची पोरं इथं आपटतात. पाठांतर सोळा आणे, आणि दुसऱ्याच फेरीला पोटात कळ. अंबाळा तलावाच्या रस्त्यानं रोज पहाटे धाव, गडाच्या पायऱ्या चढ. लेखी परीक्षेत सामान्यज्ञान आणि आपल्या धर्माचा विषय असे दोन पेपर असतात. हिंदी सुधार, आपली नागपुरी हिंदी चालते पण प्रवचनाला हसतात.

(शेजारच्या एका बौद्ध मुलानं मला विचारलं होतं, त्याच्यासारख्या वाचकांसाठी: जाहिरातीत 'बौद्ध भिक्खू (महायान)' अशी जागा असते आणि रीतसर दीक्षा झालेला भिक्खू असावा लागतो. दीक्षाभूमीच्या गावातले बौद्ध महायान पंथाचे नाहीत, त्यामुळं इथल्या पोरांना कंसातला शब्द वाचून आश्चर्य वाटतं, साहजिक आहे. पाद्र्यांसाठीही तसंच, रीतसर दीक्षा आणि स्थानिक बिशपच्या यादीत नाव.)

म्हणजे तुझ्या हाताशी चारेक वर्षं आहेत. ती नुसती क्लासमध्ये घालवू नको. एखाद्या सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात आठवड्यातून दोन तास जाऊन बस, ज्यांना भेटायला कुणी येत नाही त्यांच्याजवळ. मोक्षधाम घाटावर जा, बेवारस मृतदेहांचं काम करणाऱ्यांना हात लाव. सहा महिन्यांत तुझं तुलाच कळेल की हे झेपणार आहे की नाही. नाही झेपलं तर गडावरची घंटा आहेच, त्यात कमीपणा काही नाही.

राहिलं सोवळं आणि शाकाहार. कुत अल अमाराचा वेढा तुला माहीत आहे का? मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, तुर्कांनी इंग्रजांच्या फौजेला घातलेला. आत १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणीही होत्या. धान्य संपलं, घोडे कापायला घेतले. हिंदी शिपाई घोड्याचं मांस खाईनात. सेनापती टाउनशेंडनं हिंदुस्थानातल्या धर्माचार्यांकडून तारेनं परवानगी मागवली, ती आलीही. तरी कितीतरी शिपाई उपाशीच राहिले. गावी गेल्यावर आपल्या पोरींशी लग्न कोण करणार, ही भीती तारेनं जाईना. २९ एप्रिलला शरणागती झाली तोवर उपासमारीनं आणि रोगानं बरेच गेले होते. मोठ्या आचार्यांची तार आणि त्याच रांगेत बसून पहिला घास खाणारा आपला माणूस, यांत पोरं कुणाचं ऐकतात, ते पलटणीत राहिल्यावर मला कळलं.

लंगरमध्ये शाकाहारी जेवण मिळतं, त्याची काळजी करू नको. मी जन्मभर शाकाहारीच राहिलो. आमचा लांगरी होशियारपूरचा होता. न सांगता माझ्या पोळ्या वेगळ्या तव्यावर भाजायचा, आणि तो तवा कुणाला हात लावू द्यायचा नाही. द्रासला पंधराव्या दिवशी गोळा लंगरच्या तंबूजवळ पडला. माणसं वाचली, भांडी गेली. संध्याकाळी तो माझ्याकडं आला, हातात एकच उरलेला तवा, कडेला अंड्याचं जळकं चिकटलेलं. 'पंडितजी, अब?' म्हणाला. मी म्हटलं, 'घासू नको, पाणी वाया जाईल. भाज.'